थरथरणारा हात आणि दहाचं वर्तुळ

आपल्या १९८४ च्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गोष्ट वर्षातून दोनदा तरी येतेच. हंगेरीच्या सैन्यातला एक पट्टीचा नेमबाज. सरावात हातबॉम्ब फुटतो आणि त्याचा उजवा हात जातो. तो गुपचूप डाव्या हाताने सराव करतो आणि पुढे ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकतो. शेवटी ‘जिद्द असेल तर अशक्य काहीच नाही’ असं एक वाक्य आणि त्याखाली आपल्या सगळ्यांचे जोडलेले हात.

गोष्ट खरी आहे. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि चाळिशीनंतर एअर पिस्तूल हाती धरलं, त्यामुळे ती वाचताना मला दर वेळी दोन प्रश्न पडतात. या गोष्टीतून काय गाळलं गेलंय? आणि त्या डाव्या हाताला नेमकं काय शिकावं लागलं? जिद्द हे पहिल्या पायरीचं उत्तर झालं. नुसत्या जिद्दीने गोळी दहाच्या वर्तुळात जात नाही. चाप जिद्दीने ओढला तर ती हमखास सातात जाते, हे आमच्या रेंजवर रोज दिसतं.

या वर्षी आपल्या तुकडीने शाळेला दहा मीटरची एअर पिस्तूल रेंज द्यायचं ठरवलं आहे. म्हणून हा विषय इथे मांडतो. रेंजच्या भिंती आणि दिवे यांचा हिशोब आपला खजिनदार ठेवेलच. तिथे कोणाला उभं करायचं आणि काय शिकवायचं, याचा विचार मात्र आपण सगळ्यांनी करायला हवा, आणि त्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडेल.

आधी गोष्टीतला गाळलेला भाग. त्या सैनिकाचं नाव कारोय टाकाच. जन्म बुडापेस्टचा, १९१० चा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे दोन्ही हात धडधाकट होते आणि देशातल्या उत्तम नेमबाजांत त्याची गणना होत होती. तरी त्याला संघात घेतलं नाही. कारण एवढंच, की तो सार्जंट होता आणि त्या काळी हंगेरीच्या संघात फक्त कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांनाच जागा होती. बर्लिननंतर ही अट उठली. मग १९३८ मध्ये, दार उघडल्यावर, सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातात फुटला. म्हणजे या माणसाची वाट पहिल्यांदा अडवली ती अपघाताने नाही, तर नेमबाजीशी काडीचाही संबंध नसलेल्या एका नियमाने. फॉरवर्ड होणाऱ्या गोष्टीत नेमका हाच भाग नसतो.

महिनाभर रुग्णालयात काढून तो परतला आणि त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला, कोणाला न सांगता. १९३९ च्या वसंतात हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो दिसला तेव्हा बाकीच्यांना वाटलं, बिचारा जुन्या मित्रांना भेटायला आला असेल. तो खेळायला आला होता, आणि जिंकूनच गेला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत अजिंक्य ठरलेल्या हंगेरीच्या संघातही तो होता. पुढे महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो पहिल्यांदा ऑलिंपिकच्या रेंजवर उभा राहिला.

त्याचा प्रकार होता पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल. समोर ओळीने पाच लक्ष्यं, प्रत्येकावर एक गोळी, आणि पाचही गोळ्यांसाठी मोजके सेकंद. आजच्या नियमांत या फेऱ्या आठ, सहा आणि चार सेकंदांच्या असतात. चार सेकंदांत पाच लक्ष्यं म्हणजे खालून हात वर आणायचा, पहिली गोळी सोडायची आणि तसाच आडवा सरकत उरलेली चार टिपायची. एकूण गोळ्या साठ, पैकीच्या पैकी गुण सहाशे. टाकाचने ५८० गुण मिळवले. तो विश्वविक्रम होता. साठ गोळ्यांत त्याने फक्त वीस गुण गमावले. दुसरा आला अर्जेंटिनाचा साएन्स वालिएन्ते, आदल्या वर्षीचा जगज्जेता, ५७१ गुणांवर. असं सांगतात, की स्पर्धेआधी वालिएन्तेने टाकाचला विचारलं होतं, तुम्ही इथे कशासाठी? टाकाच म्हणाला होता, शिकायला. पदकं देताना वालिएन्तेने त्याला हसून सांगितलं, की तुमचं शिक्षण पुरेसं झालेलं दिसतं. चार वर्षांनी हेलसिंकीत टाकाचने पुन्हा सुवर्ण जिंकलं, ५७९ गुणांनी, आपल्याच देशाच्या सिलार्ड कुनला एका गुणाने मागे टाकून.

आता दुसरा प्रश्न, डाव्या हाताने काय शिकायचं होतं? त्यासाठी या खेळाचं मूळ बघावं लागतं.

पिस्तुलाचा नेम एका हाताने का धरतात, असं मला नवी मुलं हमखास विचारतात. रायफल दोन हातांनी धरता येते, मग हेच का नाही? या रिवाजाची मुळं घोडदळात आणि युरोपातल्या द्वंद्वयुद्धात आहेत. घोडेस्वाराचा एक हात लगामात गुंतलेला. द्वंद्वात उभा राहणारा माणूस शत्रूला अंगाचा कमीत कमी भाग दिसावा म्हणून आडवा उभा राही आणि एकच हात पुढे करी. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून पिस्तुलाच्या स्पर्धा आहेत. ऑलिंपिकचे जनक कुबर्तँ स्वतः पिस्तूल चालवणारे होते. १९०६ मध्ये अथेन्सला भरलेल्या स्पर्धांत तर लांब कोट घातलेल्या पुतळ्यावर नेम धरायचा प्रकारही होता. टाकाचच्या काळापर्यंत रॅपिड फायरची लक्ष्यं माणसाच्या आकृतीचीच होती. पुढे आकृत्या गेल्या, काळे गोल आले. माणूस मारण्याचं कसब हळूहळू स्वतःला आवरण्याचं कसब बनलं. एका हाताचा नियम तेवढा राहिला. आजही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने धरावं लागतं आणि मनगटाला कसलाही आधार चालत नाही.

आता एक किलोच्या आसपासचं वजन ताणलेल्या हाताच्या टोकाला धरून बघा. ते हलणारच. छातीत ठोके आहेत, श्वास आहे, स्नायू सतत थोडे आखडतात आणि सैलावतात. जगज्जेत्याचा हातही हलतो. आपल्या पिढीची समजूत मात्र याच्या उलट होती. एनसीसीच्या नेमबाजीसाठी मुलं निवडताना हात समोर ताठ करायला लावून त्यावर पोस्टकार्ड ठेवायची पद्धत तुम्हाला आठवत असेल. ज्याचं कार्ड थरथरलं तो रांगेबाहेर. मी बाहेर होतो, आणि ग्रुपवरच्या गप्पांवरून कळतं, की आपल्यापैकी बरेच जण होते. निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही. तेव्हा सगळीकडे तसंच मानलं जाई, की स्थिर हात म्हणजे चांगला नेमबाज. पण नेमबाजीच्या तंत्राचा इतिहास सांगतो, की ती परीक्षाच चुकीच्या विषयाची होती.

का, ते साध्या गणिताने दाखवतो. आपल्या गणिताच्या बाईंनी हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं असतं.

दहा मीटर एअर पिस्तुलात दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि तो वर्तुळाच्या रेषेला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभा खुंट असतो. जुने लोक त्याला माशी म्हणत, आता सगळे फ्रंट साइट म्हणतात. मागे एक चौकोनी खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये खुंट, दोन्हीकडे सारखा उजेड आणि माथे एका रेषेत, याला नेम जुळणं म्हणायचं. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३२ सेंटीमीटर अंतर.

समजा, जुळलेला नेम न बिघडता अख्खा हात पाच मिलिमीटर डावीकडे सरकला. छर्रा किती सरकेल? पाच मिलिमीटरच. गुण दहा. आता समजा हात जागचा हलला नाही, पण माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर डावीकडे झुकली. ३२ सेंटीमीटरवर एक मिलिमीटर, तर दहा मीटरवर किती? त्रैराशिक मांडा. एकतीस मिलिमीटर. गुण सात. पाच मिलिमीटरची थरथर माफ होते आणि एका मिलिमीटरचा कल तीन गुण घेऊन जातो. पोस्टकार्डाची परीक्षा थरथर मोजत होती, आणि थरथर तर माफच आहे.

मग हा कल येतो कुठून? बहुतेक वेळा चापातून. एअर पिस्तुलाच्या चापाचं वजन नियमाप्रमाणे किमान पाचशे ग्रॅम असावं लागतं, अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुडीएवढं. हात तरंगतो आहे, माशी काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या जागेत फिरते आहे, आणि डोळ्याला एका क्षणी वाटतं, आत्ता! त्या ‘आत्ता’ला बोट खेचलं जातं. मनगट आवळतं, माशी झुकते आणि सात लागतात. चांगला नेमबाज हे ‘आत्ता’ ऐकत नाही. तो हाताला तरंगू देतो, नजर माशीवर ठेवतो आणि चापावरचा दाब सरळ मागे, एकसारखा वाढवत नेतो. गोळी त्या तरंगण्याच्या मधेच कुठेतरी सुटते. आठ-दहा सेकंदांत सुटली नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात. हात खाली घेता येणं हे या खेळातलं सगळ्यात अवघड कसब आहे, असं माझं मत आहे. भरल्या सभेत उभं राहून, बोलायचं काही नाही हे कळल्यावर खाली बसण्याइतकं अवघड.

नजरेचंही असंच. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. नवा माणूस साहजिकच लक्ष्याकडे बघतो, म्हणून माशी धूसर होते आणि तिचा कल त्याला दिसतच नाही. शिकलेला माणूस माशी धारदार बघतो आणि लक्ष्य धूसर राहू देतो. जे हवं आहे त्याच्याकडे न बघता जे हातात आहे त्याच्याकडे बघायचं. प्रवचनात ऐकलं तर गुळगुळीत वाटणारं हे वाक्य रेंजवर अगदी शब्दशः खरं असतं.

उभं राहण्याची पद्धत अशी. पाय खांद्याएवढे अंतर ठेवून, वजन दोन्हीकडे सारखं, रिकामा हात खिशात किंवा पट्ट्यात. मग डोळे मिटून हात वर करायचा आणि डोळे उघडायचे. पिस्तूल लक्ष्याच्या उजवीकडे गेलेलं दिसलं, तर हात डावीकडे ओढायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. हात ओढून जुळवलेला नेम थकल्यावर पुन्हा मूळ जागी जातो. पायाने जुळवलेला राहतो. गोळी सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच राहायचं, माशी कुठे होती ते बघायचं आणि मगच हात खाली.

या यादीत स्थिर हात कुठेच नाही. पाय, डोळा, बोट, श्वास आणि थांबण्याची सवय एवढंच आहे. टाकाचच्या डाव्या हाताला वजन पेलायचं आणि चापाचं बोट वेगळं चालवायचं हे नव्याने शिकावं लागलं, आणि ते सोपं नव्हतंच. पण कुठे उभं राहायचं, काय बघायचं, कधी वाट बघायची हे त्या उजव्या हाताबरोबर गेलं नव्हतं. कौशल्य सगळं पंजात असतं, तर १९३८ मध्येच ते संपलं असतं.

वयाचंही तसंच. स्वीडनच्या रागनार स्कानोकरने १९७२ मध्ये म्युनिकला पन्नास मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. १९९२ मध्ये बार्सिलोनाला त्याच प्रकारात त्याने कांस्य मिळवलं, वयाच्या ५८ व्या वर्षी. आपल्या तुकडीतले जे सध्या गुडघ्यांबद्दल फार बोलतात, त्यांनी याची नोंद घ्यावी.

आता आपल्या मातीकडे येऊ. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. शेवटी थायलंडच्या खेळाडूशी तिची ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत निकाल लागला. त्या फेरीत लक्ष्य खुलं झाल्यावर तीनच सेकंद मिळतात आणि तेवढ्यात हात वर आणून गोळी सोडायची असते. अशा वेळी नाडी किती पडत असेल, हे सांगायला डॉक्टर नको. तरी ती जिंकली.

मनू भाकरची गोष्ट तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. २०२१ मध्ये टोकियोत पात्रता फेरीतच तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, पॅरिसला त्याच प्रकारात तिने पात्रता फेरीत ५८० गुण केले आणि पुढे कांस्यपदक मिळवलं. दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारात आणखी एक. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. प्रकार निराळा, काळ निराळा, पण आकडा बघा: ५८०. लंडनच्या टाकाचएवढाच. तिनेही साठ गोळ्यांत वीसच गुण गमावले. ते वीस गुण दोघांनाही चुकलेले नाहीत, आणि ते गमावूनही पुढच्या गोळीला पहिल्यासारखं उभं राहणं हीच या खेळाची परीक्षा आहे.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना आणि आजही शाळेत शिकवत असलेल्या गुरुजनांना रेंजबद्दल चार विनंत्या करतो.

पहिली, निवडीसाठी हात बघू नका. ज्याला यायचं आहे त्याला वा तिला येऊ द्या. चष्मा असो, हात कापत असो, डावखुरेपण असो. अटी दोनच असाव्यात. पिस्तुलाचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला आणि आज्ञा मिळेपर्यंत बोट चापाबाहेर. हे ज्याला पाळता येत नाही तो कितीही चांगला नेमबाज असला तरी रांगेबाहेर. रांगेबाहेर काढायला हे एवढं एकच कारण असावं.

दुसरी, पहिले काही आठवडे छर्रेच देऊ नका. पिस्तूल रिकामं ठेवून, समोर कोरी पांढरी भिंत ठेवून सराव करू द्या. लक्ष्यच नसलं म्हणजे नजर आपोआप माशीवर राहते, आणि चाप दाबताना ती झुकली तर ज्याची त्याला दिसते. कंटाळवाणं आहे, हे मान्य. पाढेही कंटाळवाणेच होते.

तिसरी, छर्रे दिल्यावर सुरुवातीला गुण मोजू नका, झुबका बघा. पाच छर्रे एकाच जागी, पण कोपऱ्यात लागले, तर मूल बरोबर आहे. साइटचा स्क्रू फिरवला की झुबका मध्यावर येतो. एक दहात आणि बाकी चार चारी दिशांना गेले, तर त्या दहाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. आपल्याला शाळेत याच्या उलट सवय लागली होती, एका दहावर टाळ्या वाजवायची.

चौथी, पहिलं सत्र संपेपर्यंत फलकावर नावांची क्रमवारी लावू नका. हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करणाऱ्या मुलाचे गुण त्या महिन्यात कमी असतील, घाई करणाऱ्याचे कदाचित जास्त. वर्षाअखेरीला चित्र उलटं दिसेल. तोवर त्या मुलाला कोणी मागे ढकलू नये.

रंगकाम दिवाळीआधी पूर्ण होईल असं कंत्राटदार म्हणतो. म्हणजे नाताळापर्यंत होईल असं धरून चालू. जानेवारीपासून शनिवारची सकाळ मी देईन. आणखी तिघांची नावं हवी आहेत. पिस्तूल चालवता येण्याची अट नाही. मुलांच्या मागे शांत उभं राहता आलं आणि ‘घाई नको, हात खाली घे’ एवढं सांगता आलं, तरी पुरे.